गट नको, सावड

प्रशिक्षणाहून परत आले की पुढचा आठवडाभर माझ्या अंगात प्रशिक्षण असतं. आमचे मुख्याध्यापक त्याला सरळ 'ताप' म्हणतात. "मॅडमना यंदा कशाचा आलाय?" असं ते स्टाफरूममध्ये चौकशी केल्यासारखं विचारतात आणि उतरेल आपोआप, असा बाकीच्यांना धीरही देतात.

त्या वर्षीचा ताप होता एकत्र शिकण्याचा. शिक्षकाने फळ्याशी उभं राहून बोलत सुटू नये, मुलांना गटात बसवावं, त्यांनी एकमेकांकडून शिकावं. हे आम्हाला पुण्यात एका सभागृहात फळ्याशी उभं राहून दिवसभर सांगण्यात आलं. दुपारी आमचेही गट पाडले. कार्डशीट आणि स्केचपेनं वाटली. आमच्या गटातल्या एका बाईंचं अक्षर सुरेख होतं, तेवढ्या एका गुणावर सगळं लिहिण्याचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. 'छान, छान' म्हणण्याचं काम मी उचललं. एक सर जेवायला काय आहे ते बघून आले आणि दुसऱ्या सरांनी पंख्याखालची खुर्ची शेवटपर्यंत सोडली नाही. आमच्या कार्डशीटला टाळ्या पडल्या. एकत्र शिकण्याचं महत्त्व मला पूर्ण पटलं आणि मी संध्याकाळच्या लोकलने तळेगावला घरी आले.

आमची शाळा लोणावळ्याच्या अलीकडे, कुसगावच्या बाजूला. माझ्याकडे आठवीचं गणित. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील हॉटेलांत, बंगल्यांवर नाहीतर दुकानांत कामाला. थोड्या घरांमध्ये अजून भातशेती आहे. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'गट' असं लिहिलं आणि म्हणाले, "आजपासून गणित गटात करायचं."

शब्द साधा आहे, असं मला वाटलं होतं. पण मावळात गट म्हणजे आधी जमिनीचा गट. आमच्याकडे डोंगराच्या पायथ्यापर्यंत प्लॉट पडले आहेत, फाटकाफाटकावर गट नंबर रंगवलेले आहेत, आणि आपला गट नंबर मुलांना वडिलांच्या वाढदिवसापेक्षा पक्का पाठ असतो. तेव्हा दुसऱ्याच दिवशी बाकांवर पेन्सिलने हद्दी आखल्या गेल्या. कंपासपेट्या ओळीने लावून बांध घातले गेले. एक मुलगी आपली वही रोज दोन बोटं पलीकडे सरकवायची. शेजारचीने उभं राहून रीतसर तक्रार केली, "मॅडम, ही बांध कोरती."

मग निघाला बचत गट. एका मुलीची आई गावातल्या बचत गटाची अध्यक्ष होती, त्यामुळे गट कसा चालवायचा याचं ज्ञान वर्गात फक्त आपल्यालाच आहे याबद्दल तिला शंका नव्हती. तिने आपल्या गटात अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार नेमले. अध्यक्ष ती स्वतःच. रोज मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम केलं जायचं. तेवढ्यात तास संपायचा. गणित 'आयत्या वेळचे विषय' यात यायचं, आणि तिथवर कुठलीच सभा कधी पोचत नाही.

तिसरा अर्थ मुलं घरच्या टीव्हीवरून शिकली होती. आठवडा संपायच्या आत एक गट फुटला. फुटून बाहेर पडलेली मुलं खिडकीशी जाऊन बसली आणि मूळ गट आपलाच असल्याचं त्यांनी जाहीर केलं. राहिलेल्यांचं म्हणणं, आम्ही जागचे हललोच नाही, तर मूळ आम्हीच. भांडण होतं स्केचपेनांच्या डबीवर, ती मूळ गटाला मिळालेली होती. दोन्हीकडचे पुढारी निकालासाठी माझ्याकडे आले. अशा वेळी मोठी माणसं जे करतात तेच मी केलं. पुढची तारीख दिली.

हा सगळा खेळखंडोबा मी हसत पाहिला असता, पण त्यात एक मुलगी अशी होती की जिला कुठल्याच गटाने घेतलं नव्हतं. फुटलेल्याने नाही आणि मूळ गटानेही नाही. तिची आई हॉटेलात खोल्या आवरायला जायची. वडील एका बंगल्याची राखण करायचे, पाहुणे आले की त्यांना रांधून घालायचे. घरी धाकटा भाऊ, अजून बोलायलाही न लागलेला. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली, हॉटेल भरलं, की आईला जादा पाळी आणि हिची शाळेला दांडी. अशा दांड्यांमध्ये अपूर्णांक गेले, ऋण संख्या गेल्या. हजर असली तरी ती शेवटच्या बाकावर वही उघडून, पेनाचं टोपण न काढता बसायची. बघून माझा जीव तुटायचा.

पूर्वी आठवीपर्यंत कुणाला नापास करत नसत. आता पाचवीला आणि आठवीला पुन्हा करायला लागले आहेत. तिच्या वडिलांनी घरात सांगून ठेवलं होतं, नापास झाली की शाळा बंद, घरी राहून भावाला सांभाळायचं. हे तिनेच मला सांगितलं, तेही तक्रार म्हणून नाही, उद्या कुठला तास आहे ते सांगावं तसं.

मी वडिलांना शाळेत बोलावून घेतलं. इतका गोड माणूस मी पाहिलेला नाही. टोपी हातात घेऊन, खुर्चीच्या अगदी कडेवर बसले.

"मुलगी समजूतदार आहे. तिला रोज पाठवा."

"व्हय बाई."

"दांड्यांनीच तिचं गणित कच्चं राहिलंय."

"बरोबर हाय बाई."

"आणि समजा नापास झालीच, तरी शाळा सोडवायची नाही."

"व्हय, व्हय. तुमी म्हंता त्ये बरोबरच हाय."

मी खूश. पुढच्या सोमवारी मुलगी गैरहजर. परत बोलावलं, परत तितकेच गोड 'व्हय' मिळाले आणि परत सोमवारी बाक रिकामा. या 'व्हय'चा अर्थ 'ऐकलं, आता जाऊ का?' एवढाच असतो, हे मला जरा उशिराच उमगलं. भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं, पण सगळं मान्य करणाऱ्याचं काय करायचं, हे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

भाताची लावणी सुरू झाली तसा वर्ग अर्धा ओस पडला. भातशेतीवाल्या घरातला एक मुलगा बरेच दिवसांनी उगवला, हातापायांची बोटं चिखलाने पांढरी पडलेली.

"कुठे होतास?"

"सावडीला गेलतो, मॅडम."

सावड म्हणजे काय हे मावळात सांगावं लागत नाही. पाच-सहा घरांनी एक व्हायचं, सगळ्यांनी मिळून एकाचं भाताचं खाचर लावायचं, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. मजुरीचा प्रश्न नाही. तुम्ही माझ्याकडे राबलात, मी तुमच्याकडे राबून ते फेडणार. मी तळेगावात, डांबरी रस्त्यावर वाढले, तरी हा शब्द माझ्याही कानावरचा.

त्याच तासाला स्केचपेनांच्या डबीवरून पुन्हा जुंपली. माझा आवाज चढला. म्हणाले, "लाजा वाटत नाहीत? लावणीला एकमेकांच्या खाचरात राबता, तेव्हा अशी भांडता का?"

नुकताच सावडीहून आलेला तो मुलगा उठला. त्याला खरंच प्रश्न पडला होता. मॅडमना एवढं साधं कसं कळत नाही, असा.

"तितं कशापायी भांडू? ती सावड असती, मॅडम. ह्यो गट हाये."

मी फळ्याकडे पाहिलं. 'गट' अजून तसाच होता, रोज तारखेबरोबर मीच तो ठळक करत होते. डस्टरने पुसला आणि त्या जागी 'सावड' लिहिलं.

पुढची व्यवस्था माझ्या हातात राहिलीच नाही. त्या मुलाने सावडीचे सगळे कायदे वर्गाला सांगितले आणि तो आपोआप आमचा कायदेपंडित झाला. एका वेळी एकाच्या खाचरात उतरायचं, म्हणजे एकाच्या वहीत. त्याचं जे अडलंय ते सगळ्यांनी मिळून काढायचं. बांधावर बसून नुसतं बघायचं नाही. शेवटच्याचं खाचर लागल्याशिवाय सावड सुटत नाही. आणि ज्याचं खाचर, त्याने खायला घालायचं.

या शेवटच्या कलमाला मी हरकत घेतली. वर्गाने ऐकलं नाही. मुख्याध्यापकांना मी 'अनुभवातून शिक्षण' असं सांगितलं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावल्यासारखं केलं आणि परवानगी दिली. तेव्हापासून सकाळी वर्गात शिरलं की 'आज कुणाचं खाचर?' हा प्रश्न ऐकू यायचा आणि पाठोपाठ 'काय आणलंय?' हाही.

त्या मुलीला मी मुद्दाम कायदेपंडिताच्या सावडीत घातलं. तिथे आणखी बचत गटाच्या अध्यक्षबाई होत्या आणि वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा होता. त्याच्या घरचं चिक्कीचं दुकान. त्याचा दिवस आला की डबाभर चिक्कीचा चुरा यायचा, त्यामुळे इतर सावडी त्याला फोडायच्या प्रयत्नात असायच्या. गणितात त्याला उत्तर आधी दिसायचं, प्रश्न नंतर.

तिची पाळी आली त्या दिवशी तिने वही दप्तरातून काढलीच नाही. मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली आणि मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, मला सावड नको."

"का गं?"

"मला काय येत न्हाई. त्ये माझं करत्याल, मी त्यांचं काय फेडू?"

शिकवायला लागल्यापासून मुलांनी मदत मागितलेली मी हजारदा ऐकली होती. परत करता येणार नाही म्हणून नको म्हणणारी ही पहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "तू नुसती बस. कळलं नाही की विचार. बाकीचं मी बघते." बाकीचं काय बघणार होते, हे मलाच ठाऊक नव्हतं.

ती बसली. चिक्कीवाल्याच्या मुलाने अपूर्णांकांचा भागाकार दोन ओळींत उरकला. "दुसरा उलटा करायचा आन् गुणायचं. झालं."

तिने टोपण काढलं, लिहून घेतलं आणि विचारलं, "का?"

"का म्हंजी? करायचंच असतं."

"पन भागायचं असताना गुणायचं का?"

त्याने अध्यक्षबाईंकडे पाहिलं. अध्यक्षबाईंनी कायदेपंडिताकडे पाहिलं. कायदेपंडित म्हणाला, की खाचराच्या मालकिणीने विचारलंय तर सांगायला लागतं. चिक्कीवाला लाल होऊन माझ्याकडे आला. "मॅडम, ती 'का' इचारती!" चोरी पकडून दिल्याचा आव होता. आणि खरं सांगते, माझ्यासमोर तो 'का' आला तेव्हा उत्तर जुळवायला मलाही जरा वेळ हातावरचा खडू झटकत बसायला लागलं.

मग मी त्यालाच विचारलं, "दुकानात अर्धा किलो चिक्की आहे. पाव किलोचे डबे भरायचेत. किती भरतील?"

"दोन," तो फटकन म्हणाला. मग थांबला. बोटाने बाकावर काहीतरी काढलं. "म्हंजी अर्धा भागिले पाव, दोन. भागलं तरी वाढलं! एका किलोत पावचे चार, म्हनून चारनं गुणायचं. उलटा केला की चारच येतो!" आणि मला तिथेच सोडून तो पळत जागेवर गेला. उरलेला तास तो तिला डबे भरून दाखवत होता, पाऊण किलोचे, दीड किलोचे. ती प्रत्येक वेळी 'का' म्हणत होती आणि तो कंटाळत नव्हता. माणसाला एखादी गोष्ट नव्याने कळली की तो जरा वेडा होतो, तसा झाला होता.

तास सुटताना तिने त्याला हळूच विचारलं, आता आपण काय फेडायचं? तो म्हणाला, "आजचं फिटलं की. तुझ्यामुळं मला कळलं." कायदेपंडितानेही निकाल दिला, की प्रश्न विचारणं हे कामच आहे, बांधावर बसणं नव्हे. हा मुद्दा मी प्रशिक्षणात कार्डशीटवर लिहिलेला पाहिला होता. तेव्हा मी 'छान' म्हणाले होते. कळला मात्र तिच्या त्या एका प्रश्नाने.

दिवाळीपर्यंत इतर सावडी तिला मागून न्यायला लागल्या. "मॅडम, आज हिला आमच्यात द्या ना, आमाला 'का'वाली पायजे." ती लाजायची, पण जायची. तिची वही अजून चुकांनी भरलेली असायची, पण त्या चुका आता तिने स्वतः केलेल्या असायच्या. मला तिच्या पास होण्याची आशा वाटायला लागली.

मग नाताळची सुट्टी आली. लोणावळ्यात गाड्यांची रांग लागली, हॉटेलं भरली, बंगले भरले. नवं वर्ष लागलं, शाळा सुरू झाली, बाकीची मुलं आली, ती आली नाही. आठवडा गेला, दुसराही गेला. मी वडिलांना फोन केला. "व्हय बाई, धाडतो की," म्हणाले. मी फोन ठेवला आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत रडले. मुख्याध्यापक काहीही चेष्टा न करता चहा आणायला गेले.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तिची सावड माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. कायदेपंडित म्हणाला, "मॅडम, तिचं खाचर ऱ्हायलंय. आमची सावड सुटत न्हाई."

"मग?"

"मग जायाचं. सावडीला मानूस आला न्हाई तर आपुन त्याच्या खाचरात जातो."

मुख्याध्यापक म्हणाले, मुलांना एकटं सोडू नका. म्हणून मीही निघाले. वाटेत मी वडिलांना काय काय ऐकवायचं ते मनात जुळवत होते. मुलींचं शिक्षण, कायदा, भविष्य. भाषण चांगलं जमत होतं.

बंगला चढावर होता. पुढे हिरवळ, तिच्यावर पाहुण्यांच्या खुर्च्या, कुठेतरी गाणी लागलेली. मागच्या अंगाला राखणदाराची खोली. पायरीवर ती भावाला मांडीवर घेऊन बसली होती. आम्हाला पाहिलं आणि उठून आतच पळाली. वडील बाहेर आले, टोपी काढली, मला नमस्कार केला. मी घसा साफ केला. पण कायदेपंडित माझ्यापुढे झाला आणि लावणीला कुणाकडे गेल्यावर दारात म्हणतात तसं म्हणाला, "सावडीला आलोय, आबा."

आबा हसले. "लावणीचं दीस हायेत व्हय रं आता?" मग त्यांनी समोरच्या हिरवळीकडे हात केला. "आन् खाचर कुटं ऱ्हायलंय आमचं? त्ये काय, ह्याच्याखाली गेलं. आता सावडीला कोन येतंय आमच्या दारात."

ती जमीन त्यांचीच होती, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"खाचर न्हाई ओ," तो मुलगा म्हणाला. "हिचं गणित ऱ्हायलंय."

आबा त्याच्याकडे बघत राहिले. मग अध्यक्षबाईंकडे, चिक्कीच्या पिशवीकडे, वह्यांकडे. आत गेले आणि चटई घेऊन आले. स्वतः झटकून पायरीखाली अंथरली. मुलीला हाक मारली आणि भावाला आपल्या कडेवर घेतलं.

माझं भाषण तसंच राहिलं. मुलं खाचरात उतरली. आबांनी पाहुण्यांच्या चुलीवर आमच्यासाठी भात टाकला, बटाट्याचा झणझणीत रस्सा केला. मी नको म्हणत होते. "सावडीच्या मान्सांना उपाशी धाडत्यात व्हय, बाई?" ते म्हणाले, आणि मला पहिल्यांदा त्यांच्या 'व्हय'मध्ये काहीतरी खरं ऐकू आलं. ताटं वाढताना ते मुलांच्या डोक्यावरून वहीत डोकावत होते. धाकट्याने आलेखाच्या कागदावर रस्सा सांडला, तरी कुणी रागावलं नाही.

निघताना अध्यक्षबाईंनी विचारलं, "आबा, सोमवारी पन येऊ का?"

"न्हाई," आबा म्हणाले.

इतके महिने या माणसाने मला एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

"सोमवारी ती येईल तुमच्याकडं," ते म्हणाले. "सावड घेतलीया आमी, फेडाया नको? पोराचं मी बघतो हितं."

मी संधी साधली. "आणि परीक्षेत काही कमी-जास्त झालं तर?"

त्यांनी टोपी डोक्यावर घातली, नीट बसवली.

"न्हाई बाई. सावड अर्ध्यात टाकून कुनी घरी बसत न्हाई."

सोमवारी पहिल्या तासाला मी वर्गात शिरले तेव्हा शेवटचा बाक रिकामाच होता. ती पुढे, आपल्या सावडीत बसली होती, टोपण काढून, आणि डब्यात घरून बटाट्याचा रस्सा आला होता.